चहाचा डाग

तायपेई, ५ सप्टेंबर १९९३

आमा, पाया पडते.

तू विचारलंस, लग्न झालेली नात रविवारी घर सोडून कुठे उंडारते. मी पेशी पोसायला जाते. आमच्या लॅबमध्ये हाच शब्द आहे, तुझ्या तळ्यातल्या माशांसारखाच. दोन वर्षांच्या एका मुलीच्या डोळ्यात फोटोत पांढरा ठिपका दिसायचा, मांजराच्या डोळ्यासारखा. तो कॅन्सर होता. पोरगी वाचावी म्हणून डोळा काढला, आणि त्यातल्या गाठीचा एक कण माझ्याकडे आला. आता तो चपट्या बाटल्यांत वाढतोय, अंगाइतक्या ऊबदार कपाटात. पेशी पाण्यात घोसाने तरंगतात, अगदी माशाच्या गाभोळीसारख्या. त्यांच्यावर आम्ही औषधं घालून बघतो, म्हणजे पुढच्या पोराचा डोळा काढावा लागू नये. त्यांना रविवार कळत नाही. दोन दिवस पाणी बदललं नाही की मरतात.

ते पाणी लाल असतं. ताजं असलं, सगळं ठीक असलं की लाल. बाटलीत गर्दी झाली, त्यांचीच घाण पाण्यात साचली, की पिवळं. झाकण सैल राहून आतली हवा गेली की जांभळं, आणि मग फार वेळ उरत नाही. खाली कोपऱ्यात एक थेंब टाकलाय. भिऊ नकोस, त्यात पेशी नाहीत. तुला अक्षर येत नाही, पण रंग येतो ना?

वेन-तुंग शाळेत शिकवतो, तब्येत चांगली आहे. मी घरी उशिरा येते म्हणून जरा कुरकुरतो. उत्तर लॅबच्याच पत्त्यावर पाठव.

तुझी बी-युन

*

बुदाय, आठव्या चंद्रमासाची सप्तमी
(म्हणजे २२ सप्टेंबर. त्साय बोंग-छी यांनी सांगितलं, देवळापुढे बसणाऱ्या ल्याओने लिहिलं.)

बी-युन पोरी,

तुझं पत्र ल्याओ मास्तरांनी वाचलं आणि निम्म्या मासळी बाजाराने ऐकलं. बर्फवाली आ-ख्वान म्हणाली, एवढी शिकली आणि शेवटी काय, गाभोळीच विकते! मी म्हटलं, विकत नाही गं, पोसते.

आणि पोसण्याचं मला सांगू नकोस. माझं नावच ते आहे. माझ्या बापाला चौथी मुलगी झाली तेव्हा तो म्हणाला, बोंग-छी, म्हणजे आता आलीच आहे तर पोसू या कशीबशी. त्या नावावर मी अडुसष्ट वर्षं काढली. तुझे आईबाप बोटीबरोबर गेल्यावर तुलाही साबाही माशाच्या पेजेवर अशीच कशीबशी पोसली. आता तू कुणाच्या पोरीचा डोळा पोसतेस. घराण्याचा धंदा आहे म्हणायचा.

ते लाल, पिवळं, जांभळं मला झटकन कळलं. मास्तरांना दोनदा समजवावं लागलं. तळ्याचंही तसंच असतं, पाणी बघायचं, मासा बघायचा नाही. मासा शेवटपर्यंत सांगत नाही. साबाहीच्या डोळ्यावर तर चरबीचा पडदाच असतो, त्याच्या डोळ्यात बघून काय कळणार? दर पत्रात एक थेंब टाकत जा. ते माझं पत्र. बाकीचं मास्तरांचं.

वेन-तुंग कुरकुरतो म्हणालीस. कुरकुरू दे, कुरकुरणाऱ्याला तोंड असतं. तुझ्या आजोबाने कुरकुर केली नाही, थेट वल्ह्याने हाणलं. लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. माझी फासळी मोडली. मोडलेल्या फासळीनेच मी दोन टोपल्या मासे साफ केले आणि संध्याकाळी जेवायला वाढलं. त्याचा डावा कान अर्धा होता, आठवतं? खेकड्याने खाल्ला असं तुला सांगितलं होतं. तो खेकडा मीच. पुढे चाळीस वर्षं त्याने वल्हं फक्त पाण्यात मारलं.

(मास्तर म्हणताहेत हे लिहू नये. लिहा म्हटलं.)

*

तायपेई, २४ ऑक्टोबर १९९३

आमा, पाया पडते.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इथे सगळं छान आहे. वेन-तुंग माझी फार काळजी घेतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे म्हणून आता पत्रं तो आधी वाचतो आणि स्वतः टपालात टाकतो. यापुढे लॅबच्या पत्त्यावर लिहू नकोस, घरच्या पत्त्यावर लिही.

मागच्या शनिवारी तो मला न्यायला लॅबमध्ये आला होता. त्या गडबडीत कपाटाचं दार उघडं राहिलं आणि तेरा बाटल्या जमिनीवर पडल्या. एकही वाचली नाही. माझीच चूक. दाराची कड गालाला लागली, पण आता सूज उतरली. आमचे प्रोफेसर वाकून फरशी पुसायला लागले. सध्या काही दिवस मी घरीच आहे. विश्रांती मिळते. वेन-तुंग म्हणतो, बाईमाणसाने मेलेल्या गोष्टींपेक्षा जिवंत माणसांना पोसावं. त्याचं बरोबरच आहे.

पत्रावर चहा सांडला. दुसरा कागद नव्हता, माफ कर.

तुझी बी-युन

*

बुदाय, नवव्या चंद्रमासाची तेवीस
(६ नोव्हेंबर. ल्याओ लिहितो.)

अगं लबाडे!

चहा सांडला म्हणे. मास्तरांनीही तो कागद पुसायला घेतला होता, मी हातावर चापट मारली. कोपऱ्यातली खूण मी ओळखली. बाटलीत गर्दी झाली! घरी विश्रांती घेतेस, नवरा काळजी घेतो, जिवंत माणसांना पोसायचं बोलतो. हे एवढं न कळायला मी काय साबाही आहे? किती महिने झाले? लाजतेस का सांगायला? मी तुझ्या आईच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मलाच कळलं नव्हतं, मी समजत होते जाड झाले.

बाळंतपणासाठी तिळाचं तेल चार बाटल्या आणि जुनं आलं पाठवतेय. आ-ख्वान म्हणते मुलगा होईल. मी म्हटलं, मुलगी झाली तर तिचं नाव चांगलं ठेवा, माझ्यासारखं नको.

आणि त्या तुझ्या प्रोफेसरांनाही सांग, माझ्याकडून अर्धं आलं त्यांना. त्यांनी फरशी पुसली म्हणालीस. पुरुषाने फरशी पुसली हे मी पहिल्यांदाच ऐकलं. असा माणूस घरात असता तर मीही खूश झाले असते.

जावईबापू, तुम्हीही वाचताय, तर तुम्हाला अभिनंदन.

*

तायपेई, ३ डिसेंबर १९९३

आमा यांना,

तुमचं पत्र मिळालं. तुमचा गैरसमज झाला आहे. मी गरोदर नाही. असं पुन्हा लिहू नका.

जिन्यावरून पडून लहानसा अपघात झाला. डाव्या डोळ्याला लागलं आहे, पण डॉक्टरची गरज नाही. वेन-तुंग घरीच औषध घालतात. लॅबची नोकरी मी सोडली आहे. आता तिकडे जाणार नाही.

तुम्ही थकलेल्या आहात, प्रवासाचा त्रास करून घेऊ नका. येऊ नका.

चहाबद्दल क्षमा असावी.

बी-युन

*

बुदाय, दहाव्या चंद्रमासाची एकोणतीस
(१२ डिसेंबर. ल्याओ लिहितो.)

जावईबापू को वेन-तुंग यांस, आणि बी-युनलाही,

आधी म्हाताऱ्या जिभेची माफी. मला काही कळत नाही. अक्षरशत्रू बाई, कुठल्याही गोष्टीचा काहीही अर्थ लावते. तुम्ही शिकलेले आहात, मनाला लावून घेऊ नका.

पत्र मास्तरांनी मला दोनदा वाचून दाखवलं. मग मी कागद मागून घेतला आणि नुसता बघत बसले. मास्तर म्हणाले, बघून काय करणार? मी म्हटलं, अक्षराची ओळख नाही, पण आमच्या पोरीचं अक्षर किती सरळ, हे मला माहीत आहे. लहानपणी ती पाटीवर लिहायची तेव्हा मिठागराच्या बांधासारख्या ओळी असायच्या. या कागदावर ओळी डावीकडून उजवीकडे घसरत खाली आल्यात, पाणी बांध फोडून जातं तशा. आणि तिने तुम्हाला 'वेन-तुंग घालतात' लिहिलंय आणि मला 'तुम्ही'. मोठी झाली, रीत शिकली, आनंद आहे.

तळ्यावर कामं खूप आहेत. पाणी बघितलं, बदलायला झालंय. बर्फासारखा वारा सुटलाय, वेळ घालवून चालणार नाही. पण थंडीच्या सणाला तांदळाच्या गोळ्या खायला मी तुमच्याकडे येते. नाही म्हणू नका, जावयाकडे सणाला गेलं नाही तर बाजारात तोंड दाखवता येत नाही. वीस साबाही बर्फात घालून आणते. दुपारी पोचेन. घरात लाकडाची जाड फळी असेल तर काढून ठेवा. सुरी माझी मी आणते. दुसऱ्याच्या सुरीने मला मासा साधत नाही.

साबाहीला दोनशेच्या वर काटे असतात, शहरातल्या माणसाला ते काढता येत नाहीत. मी तुम्हाला शिकवेन. सोपं आहे. डोळ्याच्या मागे बोटभर जागा असते, तिथे आधी टोक घालायचं. मग तो हलत नाही.

*

तायपेई, रुग्णालयातून, २९ डिसेंबर १९९३

आमा,

हे पत्र कुणी वाचून बघत नाही. मी स्वतः लिहिलं, नर्सने टपालात टाकलं. ओळी घसरल्या असतील तर एक डोळा आहे म्हणून.

पोलिसांनी माझा जबाब घेतला. वेन-तुंगने त्यांना सांगितलंय की मासा साफ करताना हाताला लागलं. शाळेच्या मुख्याध्यापकांनाही तेच सांगितलं. खरं सांगितलं असतं तर माझा डोळाही सांगावा लागला असता. मी पोलिसांना सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, म्हातारी केवढी आहे? मी तुझी उंची सांगितली. त्यांनी ती ओळ खोडली. म्हणाले, एवढ्या बाईने केलं हे वरचे साहेब मानणार नाहीत.

तुला जे माहीत नाही तेवढं सांगते.

त्या शनिवारी दार उघडं राहिलं नव्हतं. तो लॅबमध्ये आला आणि बाटल्या एकेक करून जमिनीवर आपटल्या. 'ही कुणाची पोर? ही कुणाची?' असं दर बाटलीला विचारत होता. मग माझं डोकं कपाटाच्या दारात घातलं आणि दार लावलं. प्रोफेसर मध्ये पडले म्हणून सुटले. पिवळा थेंब मी त्याच आठवड्यात टाकला. आमा, पिवळं म्हणजे घाणीत बुडतेय असं मला म्हणायचं होतं. तू गर्दी धरलीस.

तुझं पत्र त्याने आधी वाचलं. मग मला वाचून दाखवलं, तुझ्या आवाजाची नक्कल करत. 'किती महिने झाले? लाजतेस का?' मग म्हणाला, आपल्या घरात तीन महिने कुणी कुणाला हात लावला नाही, तर गर्दी कुणाची? फरशी पुसणाऱ्याची? मी म्हटलं, आमाला काहीतरी चुकीचं वाटलं. तो म्हणाला, कोपऱ्यातली खूण कुठली ते सांग. मी सांगितली नाही. सांगितली असती तर तुझ्यापर्यंत जायचा तेवढाच रस्ता बंद झाला असता. त्याने तिळाच्या तेलाची बाटली घेतली. पहिल्या फटक्याला फुटली नाही. तिसऱ्याला फुटली. शेवटी मी म्हटलं, खूण म्हणजे तिकिटावरचं फूल. ते त्याने मानलं, चहाचा डाग त्याला डागच वाटला. पुढच्या पत्राचं तिकीट त्याने स्वतः चिकटवलं.

पिवळं आणि जांभळं, दोन्ही पाणी मी आधीच घरी आणून लपवलं होतं, औषधाच्या बाटल्यांत. का आणलं होतं ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

सणाच्या दुपारचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने सांगते. तू बर्फाची पेटी घेऊन दारात उभी राहिलीस तेव्हा मी तुझ्याकडे बघितलंही नाही. त्याचा हात माझ्या मानेवर होता. 'या आमा, बसा, हिला बोलायला त्रास होतो.' आणि तू म्हणालीस, 'हिला कुठे, मला बोलायचं आहे.' फळीवर मासा ठेवलास. डोळ्याच्या मागे टोक घातलंस, ते पार फळीत रुतलं. 'बघा, किती सोपं.' मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, 'बी-युन, चपला घाल.' मी उठले. त्याने माझे केस धरले आणि दुसरा हात फळीवर टेकला, उठायला. तेवढाच वेळ होता, आमा. इतक्या वर्षांत तुझा हात इतका जलद गेलेला मी पाहिला नव्हता. सुरी त्याच्या हातातून आरपार फळीत गेली. तो ओरडला तो आवाज मला ओळखीचा वाटला, माझाच होता की काय अशी शंका आली. तू त्याच्या कानाशी वाकून म्हणालीस, 'हलू नका. हललात तर बोटं जातील.' तो हलला. दोन बोटं आता मिटत नाहीत म्हणे.

आणि तू टॅक्सीत बसल्यावर म्हणालीस, 'अरेरे, एकोणीस मासे राहिले.'

डोळा गेला. तीन आठवडे उशीर झाला होता, आतून सगळं फाटलं होतं. काढावा लागला. ज्या टेबलावर त्या मुलीचा डोळा काढला होता, तिथेच. भूल द्यायच्या आधी डॉक्टरांनी उगीच बोलायला म्हणून विचारलं, हाही पोसायचा का? मी म्हटलं, यात कॅन्सर नाही, नुसता मार आहे. तो बाटलीत वाढत नाही.

प्रोफेसर म्हणतात, तेरा बाटल्या गेल्या तरी त्या मुलीच्या पेशींच्या दोन कुप्या सुरुवातीलाच गोठवून ठेवल्या होत्या. वितळवून बघायच्या आहेत. पण गोठवलेल्या सगळ्या उठतातच असं नाही. माझ्यासाठी थांबलेत.

तो काल दाराशी आला होता, हाताला पट्टी बांधून. नर्सने आत सोडलं नाही. म्हणाला, बायको आहे माझी, किती दिवस लपवाल? सोमवारी मला घरी सोडणार आहेत. घरी म्हणजे कुठे, ते कागदावर भरायचं आहे. त्या रकान्यात मी अजून काही लिहिलेलं नाही.

बी-युन

*

बुदाय, बाराव्या चंद्रमासाची तीज
(१४ जानेवारी १९९४. ल्याओ लिहितो, आणि या पत्रात त्याचाही थोडा हात आहे.)

पोरी,

तुझं पत्र मी बाजारात वाचू दिलं नाही. देवळाच्या मागे बसून ऐकलं. मास्तर मध्येच थांबले, तर मी म्हटलं, वाचा, पगार कशाचा घेता?

पिवळं मी चुकीचं वाचलं. रंग येतात म्हणून मिरवत होते. तुझा डोळा बाटलीने फुटला, पण ती बाटली मी पाठवली, आणि ती उचलायचं कारणही मीच पाठवलं, हसत हसत. यावर मला काही चुरचुरीत सुचत नाही. मास्तर, एवढंच लिहा.

आता पुढचं. तू सोमवारी आ-ख्वानच्या तायपेईतल्या बहिणीकडे गेलीस, ते बरं केलंस. कारण मंगळवारी जावईबापू इथे आले. मासळी बाजार भर सकाळी भरलेला, आणि हे कोट घालून. मला म्हणाले, आमा, बी-युनला पत्र लिहा, घरी परत जा म्हणून. तुमचं ती ऐकते. नाही लिहिलंत तर हा हात मी पोलिसांना दाखवेन, आणि तिचा उरलेला डोळाही तुमच्याच नावावर जमा होईल.

मी म्हटलं, लिहिते की. पण मला अक्षर येत नाही, मास्तर तळ्यावर आहेत, चला तिकडे.

माझ्यामागे आ-ख्वान आली, आणि खवले काढणाऱ्या सहाजणी आल्या. हातातलं हत्यार खाली ठेवायची त्यांना सवय नाही, तशाच आल्या. तळ्याच्या बांधावर शेवाळ असतं. जावईबापू पडले. कुणी ढकललं? बी-युन, त्या थंडीत डोळ्यांतून इतकं पाणी येत होतं, कुणाला काही दिसलं नाही.

पाणी छातीपर्यंत होतं. ते वर यायला बांधाला हात लावायचे आणि एखादी बाई नेमकी तिथेच खवले काढायला बसायची. चांगल्या हाताच्या बोटांवर एकदा सुरीची पाठ बसली, एकदा धार. शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या, मग दात वाजायला लागले. मी काठावर बसून त्यांना तुझं पत्र सांगितलं, मला पाठ झालेलं. तेलाच्या बाटलीचं दोनदा सांगितलं. ओठ जांभळे झाले तेव्हा मी म्हटलं, जावईबापू, हा रंग मला वाचता येतो. आता फार वेळ उरला नाही.

मास्तर घटस्फोटाचे कागद गेली तीस वर्षं लिहितात. एक तयारच घेऊन आले होते. दोन साक्षीदार लागतात, एक मास्तर, एक आ-ख्वान. जावईबापूंनी पाण्यातूनच सही केली. अक्षर फार वाकडं आलंय. मास्तर म्हणाले, शाळामास्तराला शोभत नाही. त्यांनी शुद्धलेखन तपासलं आणि मगच हात दिला.

कागदावर तुझी सही राहिलीय. दोघांनी मिळून नोंदणीच्या कचेरीत उभं राहावं लागतं म्हणतात. तेही ते करतील. आ-ख्वान सोबत येणार आहे. बर्फाची पेटी घेऊन.

(मी, ल्याओ, जन्मभर लोकांची पत्रं लिहिली. बांधावर उभं राहून लिहिलेला हा पहिला कागद. मला वाईट वाटलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.)

*

बुदाय, नव्या वर्षाची पंधरावी, दिव्यांचा दिवस
(२४ फेब्रुवारी १९९४. ल्याओ लिहितो.)

बी-युन,

तुझं पाकीट आज आलं. मास्तरांनी फोडलं, कागद उलटला, उजेडात धरला, चष्मा पुसला आणि म्हणाले, आजी, पोरीचं काहीतरी चुकलं, यात एक अक्षरही लिहिलेलं नाही. कोरा आहे. खाली चहाचा डाग आहे तेवढा.

मी हातातून घेतला. म्हटलं, मास्तर, एवढी पुस्तकं वाचलीत आणि तुम्हाला हे वाचता येत नाही? बसा, मी वाचून दाखवते.

आणि मी वाचलं. सबंध बाजाराला. गोठवलेल्या दोन कुप्यांपैकी एक उठली. कपाटात पुन्हा गाभोळी तरंगतेय. पोरीने आज स्वतः पाणी बदललं, एका डोळ्याने. सही झाली. कुणी कागद तपासला नाही.

आ-ख्वान म्हणाली, एवढ्याशा डागात एवढं सगळं?

मी म्हटलं, लाल आहे ना.